कमी स्निग्धांशाचा निरोप

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात द्वारकेतल्या बोरवणकरांच्या फ्लॅटमध्ये दह्याच्या पातेल्याला माकडटोपी घातलेली होती आणि स्वतः विनायकराव बोरवणकर उघड्या डोक्याने शिंकत बसले होते. दिल्लीच्या थंडीत दही लागत नाही. पातेलं रजईत गुंडाळून झालं, गिझरखाली ठेवून झालं, गव्हाच्या पिठात पुरून झालं, तरी सकाळी आत पांढरं पाणीच हलायचं. शेवटी रेवतीबाईंनी नवऱ्याच्या डोक्यावरची लोकरी टोपी काढून पातेल्यावर ओढली. त्या रात्री दही घट्ट लागलं आणि विनायकरावांचं नाक बंद झालं.

"अगं, मला ऑफिसला जायचंय. बाहेर धुकं किती आहे बघ."

"तुमचं डोकं दोन दिवसांत रिटायर होणार आहे," रेवतीबाई म्हणाल्या. "दह्याला अजून काम आहे."

विनायकराव केंद्र सरकारच्या एका खात्यात अंडर सेक्रेटरी होते. खात्याचं नाव सांगून उपयोग नाही, कारण तिथे काम करणाऱ्यांनाही ते धड पाठ नव्हतं. शुक्रवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, त्यांची निवृत्ती होती. उभी नोकरी त्यांनी इतरांच्या निरोप समारंभांत समोसे आणि गुलाबजाम खाल्ले होते. कोणाला किती माणसं निरोप द्यायला आली हे समोशांच्या आकारावर ठरतं, हे ज्ञान त्यांना त्यातूनच झालं होतं. आता त्यांची स्वतःची पाळी आली, तर ताटात असणार होती गाजरं, मुळा आणि काकडी.

आणि हा खड्डा त्यांनी स्वतःच्या हाताने खणला होता. कर्मचाऱ्यांची पोटं फार सुटली आहेत असं वरून कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि त्यावर परिपत्रक लिहायचं काम विनायकरावांकडे आलं. मसुदा लिहिण्यात त्यांचा हात धरणारं खात्यात कोणी नव्हतं. त्यांनी लिहिलं की सरकारी समारंभांत तळलेलं आणि गोड काही असू नये. त्याऐवजी कच्च्या भाज्या द्याव्यात आणि सोबत कमी स्निग्धांशाच्या दह्याचं रुचकर डिप द्यावं. 'रुचकर' हा शब्द कोणी सांगितला नव्हता. तो विनायकरावांनी आपल्या पदरचा घातला, कारण त्याशिवाय वाक्य बोडकं दिसत होतं. नव्या वर्षापासून परिपत्रक लागू झालं, आणि नव्या वर्षात रिटायर होणारा पहिला माणूस निघाला परिपत्रकाचा लेखक.

कॅन्टीनवाल्याने हात वर केले. "साहब, गाजर-मूली काट देंगे, जितनी बोलो," तो म्हणाला. "ये डिप-विप हमसे नहीं होगा. तेल के बिना हमको कुछ नहीं आता."

म्हणून काम घरी आलं.

खरी गोष्ट मात्र निराळीच होती. विनायकरावांना रिटायर व्हायचंच नव्हतं. सोसायटीच्या बागेत रिटायर झालेल्या लोकांचं एक बाकडं होतं. सकाळचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत पुरवून वाचायचं, गेटवरच्या गार्डने गाडीचा नंबर नीट लिहिला की नाही ते तपासायचं, आणि ऊन सरकेल तसं आपणही सरकायचं, एवढंच त्यांना उरलेलं होतं. त्या बाकड्यावर आपल्यासाठी एक जागा आधीच राखून ठेवलेली आहे असं विनायकरावांना वाटायचं. त्यांना छंद नव्हता. मित्र होते ते ऑफिसातले, आणि ऑफिसातले मित्र शिपायाने नेमप्लेट काढली की कसे बघतात ते त्यांनी पाहिलं होतं. कोणाला आपली गरज उरणार नाही, ही एकच भीती त्यांना दिवसरात्र खात होती.

तेव्हा त्यांनी गुपचूप एक फाइल चालवली. परिपत्रकाच्या अंमलबजावणीसाठी अनुभवी माणूस लागेल, सबब एक वर्षासाठी सल्लागार नेमावा, आणि तो माणूस श्री. बोरवणकर असावा. सेक्शन ऑफिसर नीरजने फाइल पुढे ढकलली. ती जॉइंट सेक्रेटरी देविका मॅडमच्या टेबलावर जाऊन थांबली. देविका मॅडम म्हणजे सडसडीत, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांना कुठल्याही समारंभात काही खाताना कोणी पाहिलं नव्हतं.

"पहले देख लें, इसमें दिक्कत कितनी आती है," त्या म्हणाल्या होत्या. "फेयरवेल के बाद तय करेंगे."

या वाक्यातला 'तय करेंगे' एवढाच भाग विनायकरावांनी मनात धरला. दिक्कत येता कामा नये, डिप असं झालं पाहिजे की बोटं चाटत राहावीत, की मग पुढचं वर्ष आपलं. घरी त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नाही.

रेवतीबाईंचा जन्मभराचा विश्वास फोडणीवर. फोडणीशिवायचं अन्न म्हणजे त्यांच्या मते आजाऱ्याचं अन्न. तरी त्यांनी हट्टाने तीन आठवडे प्रयोग केले. पुदिन्याचं डिप ओल्या चटणीसारखं लागलं. भाजलेल्या लसणाचं चांगलं झालं, पण ऑफिसातल्या बायका लसूण खाऊन मीटिंगला कशा बसणार, म्हणून तेही रद्द झालं. शेवटी त्यांनी डबल टोन्ड दुधाचं दही रात्रभर टांगून घट्ट केलं, त्यात मेतकूट घातलं, फेसलेली मोहरी घातली, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि नखभर हिंग घातला. गाजराचा तुकडा बुडवून मुलीच्या तोंडात दिला.

क्षिप्रा लहानाची मोठी दिल्लीतच झाली होती आणि गुरुग्रामच्या एका कंपनीचं काम घरी बसून करत होती. "आई, यार, हे तर सही आहे," ती म्हणाली. "बिल्कुल रेस्टॉरंटवालं. हे पिवळं काय आहे?"

"मेतकूट."

"ते काय असतं?"

आपण मुलीला काय काय द्यायचं विसरलो याचा विचार करत रेवतीबाई ओट्याशी उभ्या राहिल्या. मग त्यांना एकदम सुचलं की मीठ आधी घातलं तर दह्याला पाणी सुटतं. म्हणून ठरलं की गुरुवारी रात्री नुसतं दही टांगायचं आणि शुक्रवारी सकाळी, निघायच्या आधी, मीठमसाला घालायचा.

गुरुवारी रात्री धुक्याने रखडलेल्या गाडीने ग्वाल्हेरहून विजयाआत्या आल्या. विनायकरावांच्या वडिलांची ही एकच उरलेली बहीण. वय ऐंशीच्या आसपास, दात स्वतःचे, आणि भाच्याच्या रिटायरमेंटला आशीर्वाद द्यायला कोणीतरी वडीलधारं हवं म्हणून एकट्या निघून आलेल्या. गाडीत बसून पाय सुजले होते, त्यामुळे त्यांनी गरम पाण्यात पाय बुडवले, वरण-भात खाल्ला आणि पांघरूण घेऊन झोपल्या. त्यांना कोणी डिपबद्दल काही सांगितलं नाही. सांगायचं कोणाला सुचलंही नाही.

शुक्रवारी सकाळी रेवतीबाई उठल्या तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता आणि वेलदोड्याचा वास येत होता. आत्या ओट्याशी स्टुलावर बसून पुरणयंत्राचा दांडा फिरवत होत्या. खालच्या मोठ्या पातेल्यात मऊसूत, केशरी रंगाचं काहीतरी पडत होतं. नळाला टांगलेला पंचा रिकामा झाला होता, आणि धुऊन दोरीवर वाळतही होता.

"उठलीस? चहा ठेव," आत्या म्हणाल्या. "चक्का फार छान झालाय हो तुझा. जरा पाणचट वाटला, पण म्हटलं दिल्लीचं दूध. पहाटेच उठले, पाहिलं तर चक्का टांगलेला. म्हटलं घरात शुभकार्य, पोरगी दमून झोपली असेल, आपण हातासरशी करून टाकू. साखर सगळीच लागली बघ. केशर माझ्याकडचं घातलंय."

रेवतीबाईंनी पातेल्यात पाहिलं, मग दोरीवरच्या पंच्याकडे पाहिलं. त्यांनी हाक मारली तेव्हा विनायकराव दाढीचा साबण तोंडाला लावून आले.

"काय झालं?"

"श्रीखंड झालं," रेवतीबाई म्हणाल्या.

विनायकरावांनी पातेल्यात डोकावलं. आत्याने प्रेमाने बोटभर श्रीखंड त्यांच्या तोंडात घातलं. बंद नाकाने त्यांना काहीच चव लागली नाही, साबणाची तेवढी लागली. टांगलेला चक्का पाहिल्यावर मराठी बाईने दुसरं काय करावं, हे त्यांना कळत होतं. तेवीस पिढ्यांनी तेच केलं असतं. पण त्यांच्याच परिपत्रकात 'गोड काही असू नये' असं लिहिलेलं होतं, खाली त्यांचीच सही होती, आणि पाहुण्या आलेल्या बाईंकडे रागाने बघताही येत नव्हतं.

"छान झालंय, आत्या," ते म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून थोडा वेळ उभे राहिले.

मग धावपळ सुरू झाली. क्षिप्राने खाली जाऊन दुकानातून मिळेल तेवढं दही आणलं. ते टांगायला रात्र हवी होती, आणि हातात होता जेमतेम तासभर.

"बाबा, ड्रायर," क्षिप्रा म्हणाली. "वॉशिंग मशीनचा. पाच मिनिटांत कपड्यांचं पाणी निघतं, तर दह्याचं नाही निघणार?"

एरवी विनायकरावांनी या कल्पनेवर तीन हरकती काढल्या असत्या. आज ते फक्त म्हणाले, "गाठ पक्की मार."

गाठ पक्कीच होती. पंचाच जुना होता. मशीन फिरायला लागली, आधी पाण्याचा आवाज आला, मग काहीतरी फाटल्याचा, आणि मग कसलाच नाही. झाकण उघडलं तेव्हा ड्रायरच्या भिंतींना दही एकसारखं थापलेलं होतं. आदल्या दिवशी वाळवायला टाकलेला विनायकरावांचा एक मोजाही त्यात सापडला. रेवतीबाईंनी झाकण परत लावलं. त्या दिवशी ते कोणी पुन्हा उघडलं नाही.

"श्रीखंडातच मेतकूट आणि मिरची घातली तर?" क्षिप्राने विचारलं.

तेही वाटीभर करून पाहिलं. रेवतीबाईंनी चाखलं आणि वाटी सिंकमध्ये पालथी केली. "एवढं पाप मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "न्यायचं तर आहे तसंच न्या. फॅट कमी आहे ना? डबल टोन्डचंच आहे की."

बाहेर धुक्यात टॅक्सी हॉर्न वाजवत होती. विनायकरावांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, त्यावर फडकं बांधलं, आणि आत्यांकडे वळले.

"आत्या, तिथे एक लक्षात ठेवायचं. याला काय म्हणतात ते कोणाला सांगायचं नाही."

"का रे? चोरून आणलंय का?"

"सरकारी काम आहे."

आत्यांचे यजमान ग्वाल्हेरला कलेक्टर कचेरीत होते. 'सरकारी काम' म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

ऑफिसातला तो मीटिंग हॉल उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात बर्फ असायचा. कोपऱ्यात एक हीटर होता आणि जमलेले सगळे त्याच्याभोवती हात धरून उभे होते. टेबलावर गाजर, मुळा, काकडी आणि सलगम यांचे तुकडे स्टीलच्या ताटांत मांडलेले होते. थंडीने त्यांच्यावर दव धरलं होतं. बिनसाखरेचा चहा आला. माणसं थोडीच होती आणि होती तीही दाराकडे बघत होती. तिसऱ्या मजल्यावरचे मेहरोत्रा भाज्यांवर नजर टाकून "एक मीटिंग है" म्हणाले आणि चहा न घेताच गेले. आपल्या सगळ्या नोकरीची किंमत या ताटांत कापून ठेवली आहे, असं विनायकरावांना वाटलं आणि त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. लोकांना वाटलं सर्दीमुळे.

रेवतीबाई आणि आत्या पुढच्या खुर्च्यांवर बसल्या. नीरजने पातेल्याचं फडकं सोडलं.

"सर, कलर अच्छा है," तो म्हणाला आणि कर्तव्य म्हणून मुळ्याचा तुकडा बुडवून तोंडात घातला.

त्याचं चावणं थांबलं. त्याने विनायकरावांकडे पाहिलं. विनायकरावांनी छताकडे पाहिलं. नीरजने गंभीर चेहऱ्याने दुसरा तुकडा उचलला. या वेळी त्याने गाजर घेतलं.

"क्या है?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"डिप है," नीरज म्हणाला. "आप लीजिए न."

त्यांनी घेतलं. त्यांनी तिसऱ्याला खूण केली. गाजर केशर-वेलदोड्याच्या श्रीखंडात बुडवलं की दिल्लीच्या माणसाला गाजराचा हलवा आठवतो, हे वेगळं सांगायला नको. हिवाळा होता, आणि महिनाभर या मंडळींनी ऑफिसात गोडाचा कण पाहिला नव्हता. पण हॉलमध्ये कोणी 'मीठा' हा शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता तर कोणालातरी त्यावर कारवाई करावी लागली असती. सगळे गप्प उभे राहून, अंत्ययात्रेला आल्यासारखे चेहरे करून, गाजरामागून गाजर बुडवत होते. मेहरोत्रांची मीटिंग संपली. त्यांच्यामागून वित्त विभागातले दोघे आले, ज्यांना विनायकराव ओळखतही नव्हते. गाजर संपलं तेव्हा लोकांनी काकडी घेतली, काकडी संपली तेव्हा मुळा, आणि शेवटी सलगमसुद्धा कोणी सोडला नाही.

विनायकरावांना दरदरून घाम फुटला होता. यश आलेलं दिसत होतं. पण ते गोड आहे हे उघडकीला आलं तर निवृत्तीच्या दिवशीच चौकशी लागायची.

तेवढ्यात देविका मॅडम आल्या. गर्दीने वाट दिली. मॅडम पातेल्याशी आल्या, आत पाहिलं, हातातला सलगमचा शेवटचा तुकडा कोणीतरी अदबीने पुढे केला. त्यांनी तो टोकाशी बुडवला आणि तोंडात घातला. हॉलमध्ये फक्त हीटरचा आवाज येत होता.

"विनायकजी, इसमें फैट कितना है?"

"नहीं के बराबर, मैडम."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी काकडीचं सांडलेलं एक टोक शोधून काढलं आणि तेही बुडवलं, या वेळी खोलवर. "किसने बनाया?"

"मैंने," आत्या पुढच्या खुर्चीवरून म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या.

"क्या कहते हैं इसे?"

विनायकरावांनी डोळे मिटून घेतले. नीरजला जोरात खोकला आला.

आत्यांनी पदर सावरला. "जो आप कहें, मैडम," त्या ग्वाल्हेरच्या हिंदीत शांतपणे म्हणाल्या. "हुकूमत तो आपकी है."

देविका मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. नोकरीत त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर उत्तर दिलं असावं. "डिप है," त्या म्हणाल्या, आणि तो निर्णय झाला.

मग भाषणं झाली. प्रत्येकाला विनायकरावांबद्दल चार शब्द बोलायचे होते आणि प्रत्येकाचे चारही शब्द डिपबद्दल निघाले. शाल झाली, नारळ झाला. शेवटी देविका मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. विनायकराव खुर्चीत सरसावून बसले.

"यह सर्कुलर जब निकला, मुझे लगा था इसमें बहुत दिक्कतें आएँगी," मॅडम म्हणाल्या. "लोग मानेंगे नहीं. इसे चलाने के लिए किसी अनुभवी आदमी को साल भर और रखना पड़ेगा. ऐसी एक फाइल मेरी मेज़ पर है भी." रेवतीबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "लेकिन विनायकजी का काम देखिए. पहले ही दिन साबित कर दिया कि कोई दिक्कत नहीं है. एक टुकड़ा भी नहीं बचा. अब यह काम अपने आप चलेगा, किसी की ज़रूरत नहीं है. वह फाइल मैं आज ही बंद कर रही हूँ. इससे बड़ी तारीफ़ किसी अफ़सर की क्या होगी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या त्या हॉलने कुठल्याही समोशाला दिल्या नव्हत्या. विनायकरावही सवयीने वाजवत होते. मॅडमचं बोलणं त्यांना पुरतं कळलं तेव्हा त्यांचे हात थांबले. गाजरं उरली असती, लोकांनी नाकं मुरडली असती, तर वर्षभर त्यांची गरज होती. आत्यांनी त्यांचं वर्ष वाटून संपवलं होतं.

ऑफिसची गाडी त्यांना घरी सोडायला निघाली. आत्या पुढच्या सीटवर रिकामं पातेलं मांडीवर घेऊन डुलक्या काढत होत्या. धुकं दुपार झाली तरी उठलं नव्हतं. विनायकरावांच्या गळ्यातला झेंडूचा हार ओला झाला होता आणि त्याचा थेंब थेंब त्यांच्या कोटावर पडत होता.

"त्या फाइलबद्दल मला सांगितलं नाहीत," रेवतीबाई म्हणाल्या.

"मिळालंच नाही. काय सांगायचं?"

"मिळालं असतं तर सांगणार होतात?"

विनायकराव खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं.

"घरी मी काय करणार, रेवती?" ते म्हणाले. "मला भीती वाटते गं. खरंच वाटते."

रेवतीबाईंना यावर बरंच बोलता आलं असतं. घरी काय काय करायचं असतं हे त्यांना लग्न झाल्यापासून माहीत होतं. पण नवऱ्याने भीती वाटते असं त्यांच्यासमोर पहिल्यांदाच म्हटलं होतं. त्यांनी त्यांच्या गळ्यातला ओला हार काढला, आपल्या मांडीवर ठेवला आणि शालीचं टोक त्यांच्या डोक्यावरून घेतलं.

शनिवार-रविवार सुट्टीचेच होते, त्यामुळे ते निभावले. सोमवारी विनायकराव नेहमीच्या वेळी उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट आणि वर स्वेटर घातला, बूटही चढवले, आणि मग दिवाणखान्याच्या खुर्चीत बसून राहिले. रेवतीबाईंनी चहा समोर ठेवला. आत्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दुपारची ग्वाल्हेरची गाडी होती. खाली बागेतल्या बाकड्यावर मंडळी जमायला लागली होती, पण धुक्यामुळे त्यांच्या फक्त टोप्या दिसत होत्या.

आणि मग फोन वाजला. स्क्रीनवर नीरजचं नाव होतं. विनायकराव उभे राहिले. बसून फोन घेणं त्यांना बरं वाटेना.

"सर, गुड मॉर्निंग. मैडम ने सुबह आते ही आपको याद किया है."

"हाँ, नीरज. बोलो." "फाइल के बारे में?"

"नहीं सर, फाइल तो बंद हो गई. वो..." नीरज जरा अडखळला. "सर, बुधवार को मिनिस्ट्री से टीम आ रही है. सर्कुलर कैसे लागू हुआ, वो देखने. और महीने के आखिर में मेहरोत्रा सर की फेयरवेल भी है. मैडम पूछ रही हैं, बुआजी कब तक हैं दिल्ली में? थोड़ा रुक सकती हैं क्या? मैडम ने कहा है, बड़े आदर से पूछना."

विनायकराव परत खुर्चीत बसले.

"सर? आवाज़ आ रही है?"

"आ रही है," विनायकराव म्हणाले. "पूछकर बताता हूँ."

आत्या दाराशी बॅगेवर बसून चपला घालत होत्या. विनायकरावांनी त्यांना सगळं सांगितलं. मुदतवाढ मागणं त्यांना जमलं नव्हतं, पण ती देण्याचा मसुदा त्यांच्या तोंडून अस्खलित निघाला. महत्त्वाचं काम आहे, बाहेरून पाहुणे येताहेत, तुमच्या अनुभवाची गरज आहे, तुमच्याशिवाय अडेल. एकेक वाक्य बोलताना त्यांना ते कुठे लिहिलं होतं तेही आठवत होतं.

आत्यांनी एक चप्पल काढली, एक पायातच ठेवली.

"माझी तुळस वाळेल तिकडे," त्या म्हणाल्या. "शेजारणीला सांगितलंय, पण तिचा काही भरवसा नाही." मग मॅडमने आदराने विचारलंय, हे त्यांनी दोनदा वदवून घेतलं. "बरं. हा महिना थांबते. पण रेवतीला यात गुंतवायचं नाही, तिने पुष्कळ केलं. दूध तू आणायचंस, दही तू लावायचं, बांधायचंही तूच. आणि सगळं वेळेवर. मला उशीर खपत नाही, सांगून ठेवते."

"जी, मैडम," विनायकराव म्हणाले.

ते शब्द सवयीने निघून गेले होते. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या रेवतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुंटीवरची दुधाची पिशवी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. विनायकरावांनी घड्याळात पाहिलं आणि उशीर झाल्याचं लक्षात येऊन ते घाईघाईने जिना उतरू लागले.